पंखाची खोळ

स्टेशनाबाहेर चैतुए उतरायला लागले की आमच्या झाशीत चैत लागला असं समजायचं, पंचांग काहीही म्हणो. चैतुए म्हणजे कापणीला परगावाहून येणारी माणसं. बायका, पुरुष, कडेवर पोरं, बोचक्यात चार भांडी आणि फडक्यात गुंडाळलेले विळे. आता गव्हाला यंत्र आलं आहे, तरी थोडेफार येतातच, कारण यंत्र सगळ्या शेतांत शिरत नाही. मग आठ दिवसांत हवेत भुसा येतो. इथे सीपरी बाजारात, आमच्या तिसऱ्या मजल्यावरसुद्धा येतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, सून खिडक्या लावून घेते आणि मी गच्चीत जाते.

गच्चीत जाऊन मी वर बघते. एक्क्याऐंशी वर्षांची बाई आकाशाकडे बघत उभी राहिली की लोकांना वाटतं, तिचं देवाशी काहीतरी चाललं आहे. शेजारणीने एकदा हात जोडून विचारलंही, "अम्मा जी, कौन सा जाप करती हैं?" मी म्हटलं, "घुटनों का." खरं म्हणजे मी कान देत असते. दोन पंखांचं एक पिवळं विमान होतं, ते याच दिवसांत सकाळी आठच्या सुमाराला डोक्यावरून जायचं. एक पंख वर, एक खाली, मधे काठ्या आणि तारा. ते पडलं त्याला पंचावन्नहून जास्त वर्षं झाली. माझ्या कानांना अजून ते पटलेलं नाही.

फौजेचं शिकाऊ विमान म्हणायचे त्याला. शिकायची पोरं, विमान बिचारं चांगलं मुरलेलं होतं. लढाईच्या काळात कुठेतरी दूर दक्षिणेत त्याने पोरांच्या किती तुकड्यांना उडायला शिकवलं होतं. मग मोठ्या तळांवर नवी, धातूच्या पत्र्याची विमानं आली आणि याला आमच्याकडे पाठवून दिलं, छावणीपलीकडच्या मातीच्या धावपट्टीवर. इथेही काम तेच, कोवळ्या पोरांना वर न्यायचं आणि शक्यतो सगळ्यांना खाली आणायचं. आलं ते रेल्वेने. मालगाडीच्या उघड्या वाघिणीत धड एकीकडे, चारही पंख सुटे, गवताच्या पेंढ्यांमध्ये बांधलेले. उतरवून घ्यायला हे गेले होते. हे म्हणजे माझे यजमान. घरी येऊन म्हणाले, "अगं, एवढ्या लांबून आलं, पण एक फासळी मोडली नाही. आपली बदली झाली तेव्हा तुझा आरसा फुटला होता."

हे मूळचे भुसावळचे. रेल्वेच्या डबेदुरुस्तीत गादीकामाला होते. पहिल्या वर्गाच्या बैठका, त्यांतला काथ्या, वरचं कापड, लांब सुईने आरपार घातलेले टाके. विमानाच्या पंखांना आत लाकडाच्या फासळ्या आणि वरून कापड असतं, तेव्हा धावपट्टीला कापडकामाचा माणूस हवा होता. त्यांनी रेल्वेकडे मागितला आणि रेल्वेने हे दिले. डब्यातली गादी आणि विमानाचा पंख यांत ह्यांना फारसा फरक वाटत नसे. म्हणत, "दोन्हींवर माणूसच बसतो. फक्त एकावरून पडला तर जास्त लागतं."

मी इथलीच. माहेर ओरछा गेटपाशी. आमचे पूर्वज पेशव्यांच्या सुभेदाराच्या लष्कराबरोबर आले ते आले, परत जायचं राहूनच गेलं. गावात आम्हाला दक्षिणी म्हणत आणि ह्यांच्या भुसावळात मला उत्तरेची म्हणत, त्यामुळे मला दिशांचा फारसा अभिमान उरला नाही. मी चादरीला पासोडी म्हणे, त्याचं ह्यांना हसू येई. मराठी घरात, हिंदी दाराबाहेर आणि भाजीवालीशी बुंदेली, असं आमचं सगळ्यांचं चाले. आता माझी नात मुक्ता तिन्हींची एकत्र खिचडी करते आणि तिला वाटतं तीच मराठी.

माहेरून मी दोन गोष्टी आणल्या, शिवणाचं मशीन आणि आईची शिस्त. कोरं कापड घरात आलं की आधी पाण्यात. एक रात्र भिजवायचं, खळ काढायची, सावलीत वाळवायचं, इस्त्री फिरवायची आणि मगच कात्री लावायची. परकर असो, उशीचा अभ्रा असो, देवाचं वस्त्र असो. कापड जे काय आटायचं ते आधी आटू दे, म्हणजे शिवल्यावर दगा देत नाही. आमच्यात हे कुणी सांगून करत नसे. भात लावायच्या आधी तांदूळ धुतले, हे कुणी सांगतं का?

धावपट्टी फार काही नव्हती. पत्र्याची एक मोठी शेड, वाऱ्याची दिशा कळायला खांबावर लावलेली कापडी पिशवी, आणि दोन खाटा. मी एकदाच आत गेले, ह्यांचा डबा राहिला होता म्हणून. तेव्हा तो वास पहिल्यांदा डोक्यात गेला. डोपचा. डोप म्हणजे पंखाच्या कापडावर लावायचं पातळ रोगण, एकावर एक पाच-सहा हात द्यायचे. गोड, झिणझिण्या आणणारा वास. ह्यांच्या सदऱ्याला, केसांना, जेवताना बोटांना यायचा. मुक्ता कॉलेजात असताना तिने माझ्या शेजारी बसून नखं रंगवली आणि मी उठून आत गेले. तिला वाटलं, आजीला नखं रंगवणं आवडत नाही. तोच वास होता.

त्या विमानाला आमच्या आळीतली पोरं चीलगाडी म्हणत. म्हणजे घारीची गाडी. मी दोरीवर कपडे घालत असायची आणि ते किल्ल्याच्या अंगाने वळून यायचं. खाली इतकं यायचं की पुढे मागे बसलेली दोन डोकी दिसत. मागचं डोकं स्थिर, पुढचं इकडे तिकडे वळणारं. कोण शिकवतोय आणि कोण शिकतोय, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे म्हणाले, "उलट आहे, शिकाऊ मागे बसतो." म्हणजे घाबरत होता तो उस्तादच.

संक्रांत झाल्यावर डाव्या बाजूच्या खालच्या पंखाचं कापड बदलायला निघालं. जुनं झालं होतं, बोट लावलं की चिरत होतं. नेमकं तेव्हाच शेडमधलं शिवणाचं मशीन मोडलं. सुटा भाग कुठून कुठून यायचा, त्याला महिना लागणार. इकडे पोरांची तुकडी शिकायला येऊन बसलेली. ह्यांनी वरच्यांना विचारलं आणि कापडाचा गठ्ठा सायकलला बांधून घरी आणला. लिननचं कापड. हे म्हणाले, "आपल्याकडे अळशी असते ना निळ्या फुलांची, तिच्याच जातीच्या झाडाचा धागा." मला ते ऐकून फार बरं वाटलं. लांब लांब पट्टे एकमेकांना जोडून पंखाच्या मापाची एक खोळ करायची होती, उशीच्या अभ्र्यासारखी, फक्त दीड खोलीएवढी. "एवढ्या सरळ शिवणी तूच मार," म्हणाले. "माझ्यापेक्षा तुझं मशीन सरळ चालतं."

मला काय वाटलं असेल याचा विचार करा. नवऱ्याने मागितलं होतं, आणि ते वर उडणार होतं. हे कामावर गेल्याबरोबर मी सगळं कापड न्हाणीत भिजत घातलं. पाणी पिवळसर निघालं, खळ सुटली. रात्रभर भिजवायला उसंत नव्हती, दुपारीच गच्चीत सावली धरून वाळवलं. दुसऱ्या दिवशी इस्त्री केली आणि दोन दिवस बसून खोळ शिवली. शिवण अशी की दोरा ओढून बघावा. चौथ्या दिवशी ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांनी ती उलगडली, तळव्याने दोनदा चाचपली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "शिवण छान आली आहे." घडी घातली आणि घेऊन गेले.

त्यानंतरचे चार-पाच दिवस हे उशिरा येत. काम वाढलंय म्हणत. बोटांना टोचल्याच्या खुणा असत. पंख चढवला की प्रत्येक फासळीला कापड आरपार टाक्यांनी बांधावं लागतं, हे मला माहीत होतं, म्हणून मी काही विचारलं नाही. हळद आणि तेल लावून दिलं.

मग एका रविवारी आमच्याकडे मालगाडीचे गार्ड जेवायला होते. ते म्हणाले, "भाई साहब, कपड़े का जहाज उड़ता कैसे है?" हे समजावू लागले. एरवी कमी बोलणारा माणूस, पण कापडाचा विषय निघाला की पंगत उठेपर्यंत बोलत. कापड कोरं घ्यायचं, जरा सैल चढवायचं, मग डोप द्यायचा. डोप प्यायलं की कोरं कापड आटतं आणि फासळ्यांवर ताणून बसतं. "कोरा ही क्यों?" गार्डनी विचारलं. "भिजलेलं कापड आधीच आटून बसलेलं असतं," हे मराठीत म्हणाले, मग हिंदीत म्हणाले, "वो दोबारा क्या सिकुड़ेगा. ढीला रह जाएगा. हवा में फड़फड़ाएगा." माझ्या हातात वाढायची पोळी होती. ती मी गार्डांच्या पानाऐवजी आमटीत सोडली.

मी बोलले नाही. त्या जेवणात नाही, रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आधी वाटलं, हे आता ओळखतील, डोप देताना कळेलच. काही झालं नाही. मग वाटलं, पंख चढला, तपासणी झाली, पास झाला, म्हणजे ठीकच असेल. मग पहिल्यांदा ते वर गेलेलं गच्चीतून पाहिलं आणि वाटलं, आता सांगितलं तर ह्यांची नोकरी जाईल. घरी आणलेलं काम बायकोने बिघडवलं, असं हे कुणाला कसं सांगणार? भीतीला कारणं पुष्कळ सुचतात आणि सगळी शहाण्यासारखी असतात.

दोन महिने मी त्या विमानाखाली जगले असं म्हणायला हरकत नाही. आठ वाजले की हातातलं काम टाकून वर. आवाज येताना, डोक्यावरून जाताना, लांब जाताना, परत येताना. परत आला की खाली येऊन चहा टाकायचा. पाहुण्यांना वाटे, मला नवऱ्याच्या विमानाचं कौतुक आहे. त्यात कुणाचा तरी मुलगा मागच्या खुर्चीत बसलेला असायचा, मला एवढंच दिसायचं. देवीला मी साडीचोळी बोलले. कापड भिजवून शिवेन असं म्हणता म्हणता जीभ चावली.

आणि मग असाच चैत. भुसा हवेत, शेतं पिवळी. सकाळी आवाज गेला आणि परत आला नाही. साडेआठ झाले, नऊ झाले. मी गच्चीत उभीच. दहाच्या सुमाराला गार्डांच्या बायकोने खालून सांगितलं, "सुना आपने? बिजौली की तरफ चीलगाड़ी गिर गई." ह्यांची मला आठवणसुद्धा झाली नाही, कारण हे वर जात नसत. मला मागच्या खुर्चीतला आठवला.

दोघेही वाचले, हे आधी सांगते. उस्तादांचे पुढचे दात गेले आणि जबडा शिवावा लागला. मुलगा कानपूरकडचा होता, वीस वर्षांचा. त्याचा पाय दोन जागी मोडला. तो पुन्हा सरळ झाला नाही, असं पुढे ऐकलं. विमानाचं मात्र तिथेच संपलं. इंजिन आणि चांगले तीन पंख लष्कराच्या ट्रकमधून गेले. बाकीचं शेतात राहिलं ते गावाने नेलं.

चौकशीला बाहेरून दोन अधिकारी आले. डाव्या खालच्या पंखाचं कापड फासळ्यांवरून सुटून लोंबत होतं, ते त्यांनी पाहिलं. ह्यांना बोलावलं. हे घरी येऊन म्हणाले, "विचारलं, कापड कुणाच्या हातचं. मी म्हटलं, माझ्या." बस, एवढंच. मी समोर बसले होते. आता सांग, आता सांग, असं आतून कुणीतरी ढकलत होतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. अहवाल आम्हाला कधी बघायला मिळाला नाही, आणि उस्ताद नि तो मुलगा मोठ्या इस्पितळात गेले ते परत आलेच नाहीत, त्यांनी काय सांगितलं तेही कानावर आलं नाही. पंधरा दिवसांनी ह्यांना परत डबेदुरुस्तीत पाठवलं. पगार तोच, हुद्दा तोच. फक्त विमानाचं नाव घरात निघेनासं झालं.

परत गेल्यावर ह्यांनी शिवणाचं काम सोडून रंगाच्या खात्यात बदली मागून घेतली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "हात राहिला नाही." सदऱ्याचं बटण तुटलं तरी माझ्यापुढे धरत. आणि मी? मीही मशीनवर कापड टाकलं की घाम फुटे. शेवटी ते भाचीला देऊन टाकलं. दोन शिवणाऱ्यांच्या घरातले परकर आणि अभ्रे कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जायला लागले. तो वाईट शिवे आणि आम्ही दोघंही त्याला काही म्हणत नसू. अठ्ठावीस वर्षांनी हे गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. तोपर्यंत दर चैतात भुसा उडाला की आमच्या घरात एक प्रकारची शांतता पडायची. मला वाटे, हे मला सांभाळून घेतायत. ह्यांना काय वाटत होतं, ते मला या वर्षी कळलं.

मुक्ताचा बिजौलीच्या औद्योगिक भागात पुठ्ठ्यांची खोकी करायचा छोटा कारखाना आहे. तिकडे आता सगळ्या शेड्स, ट्रक आणि धूळ. होळीनंतर एक दिवस ती म्हणाली, "आजी, माझ्या यहाँ एक दीदी काम करते. ती बोलली की तिच्या सासच्या पास तुझ्या जहाजचं कपडा आहे. तुला बघायचं?" आजोबा विमान शिवायचे, हे पोरीला माहीत होतं. बाकीचं कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "कशाला?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला चपला घालून तिच्या गाडीत बसले.

कारखान्यांच्या मागे अजून थोडी शेती शिल्लक आहे. गहू अर्धा कापलेला. तिच्या त्या दीदीचं घर शेताच्या कडेलाच. सासू रामकली, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, दात एकही नाही, आवाज खणखणीत. मला खाटेवर बसवलं, भाजलेला हरभरा पुढे केला. मग आतून एक गुंडाळी आणली. "जौ आय ओई चीलगाड़ी कौ उन्ना," म्हणाली. उन्ना म्हणजे कापड. तिच्या सासऱ्याने ते धान्याच्या कणगीत खाली अंथरलं होतं. त्यातून ओल येत नसे आणि वासामुळे उंदीर शिवत नसत. कणगी फुटल्यावर तिने ते पेटीत ठेवलं. कशाला ठेवलं, विचारलं तर म्हणाली, "लगन भओ औ दूसरे महीना में जा गिरी. बाकी ऊ साल कौ कछू नईं बचो." लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात विमान पडलं, आणि त्या वर्षीचं तिच्याकडे एवढंच उरलं होतं.

ती तेव्हा सतरा वर्षांची नवी सून. पदर ओढून याच शेतात गहू कापत होती. मी विचारायच्या आधीच सांगायला लागली. आधी आवाज बंद पडला. "पैलां घर्र-घर्र बंद भई. हमने मूँड़ उठा कें देखो." मग ते गुपचूप खाली येत राहिलं, कुठे उतरावं ते शोधत असल्यासारखं. शेतात बायका दिसल्या म्हणून असेल, एका बाजूला कललं आणि बांधावरच्या बाभळीला त्याचा खालचा पंख लागला. "उन्ना तौ बमूरा ने फाड़ो," रामकली म्हणाली. कापड बाभळीने फाडलं. मी म्हटलं, त्याच्या आधी वर असताना कापड फडफडत होतं का, सुटलेलं होतं का? ती म्हणाली, "काय कौ सुटो? ढोल-सो तनो हतो." ढोलासारखं ताणलेलं होतं.

"साहब लोगों को बताया नहीं?" मी विचारलं.

"हमसें काऊ ने पूछी नईं," ती म्हणाली. "आदमियन सें पूछी. आदमी तौ खरयान में हते." पुरुष खळ्यावर होते. ज्यांनी पाहिलं त्या बायका होत्या, आणि सुनांना विचारायची पद्धत नव्हती.

तोपर्यंत मुक्ताने ते कापड माझ्या मांडीवर पसरलं होतं. पिवळा रंग तडकलेला, कडा फाटलेल्या, मधून दोन पट्ट्यांची लांब जोड. मी चष्मा पुसला. मग जोडीवरून बोट फिरवलं आणि बोट तिथेच थांबलं. ती मशीनची शिवण नव्हती. मेण लावलेल्या जाड दोऱ्याचे हाताने घातलेले टाके होते, एकसारखे, किंचित डावीकडे कललेले. रेल्वेच्या बैठकांवर असे टाके मी आयुष्यभर पाहिले आहेत. माझा नवरा डावखुरा होता.

विमानाच्या खोळी मशीनवरच शिवतात. शेडचं मशीन मोडलेलं होतं तेवढ्या एका महिन्यात हाताने शिवायची वेळ येणार, एरवी नाही. म्हणजे मी शिवलेली खोळ त्या पंखावर कधी चढलीच नव्हती. तळव्याने दोनदा चाचपली तेव्हाच ह्यांना कळलं असणार. जन्मभर गादीकाम केलेल्या माणसाला कापडाची खळ गेलेली कळणार नाही? मला काही न बोलता ते घेऊन गेले, स्टोअरमधून दुसरं कापड मागून घेतलं, आधीचं कसं खराब झालं याचं काहीतरी कारण स्वतःच्या नावावर दिलं असेल, आणि चार-पाच दिवस बसून सगळी खोळ हाताने शिवली. माझ्या खोळीचं काय झालं कुणास ठाऊक. विमान पुसायला लागली असेल.

मुक्ता म्हणाली, "आजी, तू रो रही है?" मी म्हटलं, "नाही, चिडले आहे." खरंच चिडले होते. मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले म्हणे. त्या रविवारी गार्डांना एवढं मोठ्याने समजावत होते ते तरी कुणासाठी? मला ऐकवायलाच ना? मग पोळी आमटीत पडल्यावर एक शब्द बोलायला काय झालं होतं? आणि मग राग उतरला, कारण पुढचं लक्षात आलं. माझ्या मांडीवरचं ते कापड काट्यांनी वाटेल तसं फाटलेलं होतं, पण जोडीतला एकही टाका उसवलेला नव्हता. मी सगळी जोड दोनदा तपासली. आणि हे अठ्ठावीस वर्षं असं धरून बसले होते की मशीनशिवाय, घाईत हाताने घातलेले आपले टाके हवेत सुटले आणि त्या पोराचा पाय गेला. हात राहिला नाही म्हणाले होते. बटण माझ्यापुढे धरायचे.

मी ते कापड रामकलीला परत दिलं. ती म्हणाली, घेऊन जा. मी म्हटलं, नको, कुणाला दाखवू?

गाडीत बसल्यावर मी मनातल्या मनात तो हिशोब पुन्हा पुन्हा मांडत राहिले. दिवसातून दोनदा आम्ही समोरासमोर जेवायला बसत होतो. त्यातल्या कुठल्याही एका जेवणात मी म्हटलं असतं, "अहो, ते कापड मी भिजवलं होतं," तर हे म्हणाले असते, "माहीत आहे, म्हणून ते लावलंच नाही." मी विचारलं असतं, मग कुठलं लावलं? मग ह्यांना सांगावं लागलं असतं. आणि मी गप्प बसणारी बाई नाही, मी म्हटलं असतं, चला, त्या गावात जाऊन विचारून तर येऊ. सीपरीहून बिजौली सायकलने पाऊण तास. रामकली तेव्हाही तिथेच होती आणि तिला सगळं माहीत होतं.